घर सर्वांचे, कारभार सर्वांचा
सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराचे नियम

स्वतःचे घर हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यभराच्या कष्टाचा संचय होय. पूर्वी घर म्हटले की त्याखालील जमीन, अंगण, आड आणि वाट ही सर्व एकाच मालकाची असत, आणि त्यांची काळजी वाहण्याची जबाबदारीही त्याचीच असे. शहरांतील सदनिकांची गोष्ट निराळी आहे. चार भिंतींच्या आतील जागा एका कुटुंबाच्या वापराची असली तरी जिना, गच्ची, पाण्याची टाकी, सांडपाण्याची वाहिनी आणि इमारतीखालील जमीन ही सर्वांची सामाईक असते. सामाईक वस्तूचा कारभार कोणी पाहावा, कोणत्या अधिकाराने पाहावा आणि त्याचा जाब कोणास द्यावा, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कायदा.

हा विषय केवळ शहरवासीयांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. नोकरीनिमित्त शहरात गेलेल्या मुलाच्या सदनिकेसाठी गावाकडील जमिनीचा तुकडा विकणारे आईवडील, तालुक्याच्या गावी एकत्र येऊन घरे बांधणारे शिक्षक आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहती यांचाही त्याच्याशी तितकाच निकटचा संबंध आहे.

बडोद्याचा वारसा

मराठी माणसाने सहकाराचा पहिला धडा गिरविला तो बडोदे संस्थानात. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यातील मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो १९०४ मध्ये. म्हणजे त्यापूर्वी पंधरा वर्षे कोणत्याही कायद्याच्या आधाराविना, परस्परांवरील विश्वासाच्या बळावर ही मंडळी उभी राहिली होती. परंतु केवळ विश्वासावर चालणारी संस्था लहान असते तोवरच सुरळीत चालते. सभासद वाढले, पैसा वाढला की हिशेब, सभा, निवडणूक आणि तपासणी यांचे लेखी नियम आवश्यक ठरतात.

१९०४ चा कायदा पतपुरवठा करणाऱ्या संस्थांपुरताच मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही नोंदणीची वाट मोकळी करून दिली. तिचा लाभ घेऊन राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांनी मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविण्यात आली. मुंबईतील गृहनिर्माण सहकाराचा तो आरंभ मानला जातो.

पुढे १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी त्या राज्याची महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली. दोन्ही राज्यांनी आपापले नवे कायदे केले : महाराष्ट्राचा १९६० चा आणि गुजरातचा १९६१ चा. दोहोंचे मूळ एकच असल्याने त्यांच्यातील साम्य ठळक आहे. बडोद्याच्या उत्तरेस असलेल्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळालेला नाशिकचा किंवा जळगावचा तंत्रज्ञ बडोदे परिसरातील सोसायटीत घर घेतो, तेव्हा तेथेही त्यास सर्वसाधारण सभा, समिती, निबंधक आणि लेखापरीक्षण हीच व्यवस्था आढळते. फरक आहे तो तपशिलाचा. महाराष्ट्रात सभासद व संस्था यांच्यातील वाद सहकार न्यायालयापुढे जातो, तर गुजरातेत तो ‘बोर्ड ऑफ नॉमिनीज’पुढे नेला जातो. तसेच ज्या वसाहतींत घरांची मालकी स्वतंत्र असते परंतु रस्ते, दिवे, पाणी यांची व्यवस्था सामाईक असते, तेथे ‘हाउसिंग सर्व्हिस सोसायटी’ हा प्रकार गुजरातेत रूढ आहे. म्हणून घर ज्या राज्यात असेल त्या राज्याचा कायदा आणि त्या संस्थेचे उपविधी पाहणे हे पहिले कर्तव्य ठरते.

घराखालील जमिनीवर रहिवाशांचीच सामूहिक मालकी असावी ही कल्पना आपल्यापुरती मर्यादित नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हलविता येण्याजोग्या घरांच्या वसाहतींतील रहिवाशांनी १९८४ पासून आपल्या घरांखालची जमीन सहकारी तत्त्वावर खरेदी करण्यास प्रारंभ केला. देश कोणताही असो, जमीन सर्वांची झाल्यानंतर पुढचा प्रश्न सर्वत्र एकच उभा राहतो : कारभार कोणाचा ?

अंतिम अधिकार कोणाचा ?

महाराष्ट्राच्या कायद्याचे याबाबतचे उत्तर निःसंदिग्ध आहे. कलम ७२ अन्वये संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेत एकत्र आलेल्या सभासदांच्या ठायी आहे. दैनंदिन व्यवस्थापन कलम ७३ अन्वये निवडून आलेल्या समितीकडे असते. अध्यक्ष, सचिव व खजिनदार हे समितीचे पदाधिकारी होत. ते संस्थेचे मालक नव्हेत. ज्या विषयाचा निर्णय कायद्याने किंवा उपविधींनी सर्वसाधारण सभेकडे सोपविला आहे, तो समितीने परस्पर घेऊ नये, हा या व्यवस्थेचा मूलाधार होय.

मतदानाच्या बाबतीत ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी भांडार काढले तेव्हापासून सहकाराची ही ओळख आहे. मोठ्या सदनिकेच्या धारकास अधिक मते आणि एका खोलीत राहणाऱ्यास कमी, असा भेद येथे नाही.

कायद्याच्या खालोखाल महत्त्व आहे ते उपविधींना. उपविधी हा सभासदांनी परस्परांशी केलेला करारच असतो. अहमदाबादेतील झोराष्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सभासदत्व स्वीकारणाऱ्यास संस्थेचे उपविधी बांधून घेतात, हे स्पष्ट केले. घर घेताना करारपत्र सर्वजण पाहतात, उपविधींची पुस्तिका मात्र फार थोडे वाचतात. वाद उत्पन्न झाल्यावर हीच पुस्तिका प्रथम उघडली जाते.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. साखर कारखाना, बँक आणि वीस कुटुंबांची गृहनिर्माण संस्था या सर्वांना एकच मापदंड लावल्याने अडचणी येत असत. त्या लक्षात घेऊन २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी ‘तेरा-ब’ हे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. कलम १५४ ब आणि त्याची उपकलमे ती हीच.

सभा : केव्हा व कशी

आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे बंधनकारक आहे. या सभेपुढे लेखापरीक्षित हिशेब ठेवावे लागतात आणि शासनमान्य नामिकेतील लेखापरीक्षकाची नेमणूक करावी लागते. सबळ कारणाविना सभा न बोलाविणाऱ्या जबाबदार पदाधिकाऱ्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविण्याची तरतूद कायद्यात आहे.

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आणि विशेष सभेची सूचना पूर्ण ५ दिवस अगोदर देणे आवश्यक आहे. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरावयाची असते. उदाहरणार्थ, संस्थेत २४ सभासद असतील तर दोन तृतीयांश म्हणजे १६; ही संख्या २० पेक्षा कमी असल्याने १६ सभासदांची उपस्थिती पुरेशी. सभासद ६० असतील तर दोन तृतीयांश ४० होतात. तेथे २० जण उपस्थित असले तरी गणपूर्ती होते.

या दुसऱ्या उदाहरणाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. साठ कुटुंबांच्या संस्थेत वीस जणांच्या उपस्थितीत सभा भरते आणि त्यांतील अकरा जणांचे बहुमत होऊ शकते. अनेक विषयांत उर्वरित एकोणपन्नास जणांवर तो निर्णय बंधनकारक होतो. सभेस अनुपस्थित राहणारा सभासद आपले मत राखून ठेवीत नसतो. ते तो इतरांच्या हाती सोपवीत असतो.

समिती सभा बोलावीत नसेल तरी सभासद निरुपाय होत नाहीत. एक पंचमांश सभासदांनी, अथवा उपविधींत याहून कमी संख्या सांगितली असल्यास तितक्या सभासदांनी, लेखी मागणी केल्यास एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलाविणे कलम ७६ अन्वये अनिवार्य आहे. २४ सभासदांच्या संस्थेत पाच जणांच्या सह्या त्यास पुरेशा होतात.

समिती : अधिकार आणि उत्तरदायित्व

समितीची मुदत पाच वर्षांची असते. सदस्यसंख्या संस्थेच्या आकारमानानुसार ठरते. परंतु ती २१ हून अधिक असू शकत नाही. शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेत आदर्श उपविधींनी ११ सदस्यांची समिती सुचविली असून तीत महिलांसाठी दोन जागा आणि मागास घटकांसाठी जागा राखीव आहेत. समितीची बैठक महिन्यातून निदान एकदा व्हावयास हवी आणि तिचे इतिवृत्त लिहिले गेले पाहिजे.

निवडणुकांवर राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाची देखरेख असते. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी निवडणुकीची पद्धत सुटसुटीत करण्यात आली आहे. मुदत संपूनही निवडणूक न घेतल्यास समितीचा अधिकार संपुष्टात येतो आणि कारभार बाहेरच्या व्यक्तीकडे सोपविण्याची वेळ येते. आपसांत बिनविरोध निवड होत असली तरी तिची रीतसर प्रक्रिया पार पाडणे म्हणूनच अगत्याचे असते.

आपल्या निर्णयांबद्दल समितीचे सदस्य संयुक्तपणे व व्यक्तिशः जबाबदार असतात. संस्थेच्या निधीचा गैरवापर अथवा हानी झाल्याचे चौकशीत सिद्ध झाल्यास ती रक्कम संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद कलम ८८ मध्ये आहे. मुदत संपलेल्या पदाधिकाऱ्याने दप्तर, रोकड व शिक्के नव्या समितीच्या स्वाधीन करावयाचे असतात. ते अडवून ठेवणे हा कायद्याचा भंग होय.

सहकारविषयक कायद्याच्या इतिहासात एक महत्त्वाचा टप्पा अलीकडेच येऊन गेला. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्कास मूलभूत हक्कांत स्थान दिले आणि समितीची रचना, मुदत, लेखापरीक्षण यांविषयी घटनेत ‘नऊ-ब’ हा भाग घातला. सहकार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असूनही निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती घेतली गेली नव्हती. म्हणून गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भाग अवैध ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी हा निर्णय राज्यांतर्गत संस्थांपुरता कायम केला. स्थापनेचा मूलभूत हक्क त्यामुळे बाधित झालेला नाही. आणि महाराष्ट्रातील संस्थांचा कारभार राज्याच्याच अधिनियमानुसार चालतो.

वर्गणीचा हिशेब

संस्थांतील बहुसंख्य तंटे पैशांवरून उद्भवतात आणि त्यांतील अनेक तंटे नियम माहीत नसल्यामुळे वाढतात. आदर्श उपविधींत खर्चाच्या वाटणीचे सूत्र सांगितलेले आहे. पहारेकरी, साफसफाई, कार्यालय, सामाईक दिवे इत्यादींचा सेवा आकार सर्व सदनिकांवर सारखाच बसतो. सदनिका मोठी म्हणून तो अधिक होत नाही. लिफ्टच्या खर्चाचीही वाटणी समान आहे. पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येनुसार आणि मालमत्ता कर प्रत्यक्ष आकारणीनुसार घ्यावयाचा असतो. इमारतीच्या दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का इतकी वर्गणी अपेक्षित आहे. आज नको वाटणारी ही पाव टक्क्याची रक्कमच तीस वर्षांनी इमारत जीर्ण झाल्यावर उपयोगी पडते.

सदनिका भाड्याने दिल्यास संस्थेस बिनभोगवटा शुल्क घेता येते. परंतु २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा आकाराच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. सेवा आकार महिना १,५०० रुपये असेल तर हे शुल्क १५० रुपयांहून अधिक होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा ग्राह्य धरली. सदनिका विकताना संस्थेने घ्यावयाच्या हस्तांतरण अधिमूल्यासही कमाल मर्यादा आहे : महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये. ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखाली याहून अधिक रकमेची सक्ती करता येत नाही.

गळतीचा प्रश्न घरोघरी परिचित आहे. गच्चीतून गळणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त संस्थेने आपल्या खर्चाने करावयाचा. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून अथवा मोरीतून होणारी गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करावयाची, अशी वाटणी उपविधींनी करून दिली आहे.

सभासदाचे हक्क व कर्तव्ये

वार्षिक हिशेब, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराशी संबंधित कागदपत्रे पाहण्याचा हक्क सभासदास आहे. ठरलेले शुल्क भरल्यानंतर ४५ दिवसांच्या आत प्रती देणे संस्थेवर बंधनकारक आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत चुकीची आहे. हिशेब वेळेवर मिळाल्यानेच विश्वास टिकतो.

हक्कासोबत कर्तव्यही येते. मागणी झाल्यानंतर तीन महिन्यांत देणी न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो आणि समितीवर राहण्यास अपात्र होतो. त्याच्याकडील रक्कम निबंधकाच्या वसुली दाखल्याद्वारे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. समितीशी मतभेद आहेत म्हणून वर्गणी रोखून धरणे हा उपाय नव्हे. वर्गणी भरावी, तक्रार लेखी करावी आणि योग्य त्या ठिकाणी दाद मागावी, हाच सन्मार्ग होय. हिशेब, दप्तर व सभा यांविषयीची तक्रार उपनिबंधक अथवा सहायक निबंधक कार्यालयाकडे करावी. व्यवस्थापन, निवडणूक व संस्थेचा कारभार यांतील वाद कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयापुढे न्यावा.

नामनिर्देशनाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. सभासदाच्या निधनानंतर नामनिर्देशित व्यक्तीस संस्था तात्पुरते सभासदत्व देते. एवढ्याने ती व्यक्ती घराची मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने अथवा मृत्युपत्राने निश्चित होते. एका मुलाचे नाव लावले म्हणून पत्नीचा व इतर मुलांचा हक्क नष्ट होत नाही. हे न समजल्यामुळे अनेक कुटुंबांत भावाबहिणींमध्ये वितुष्ट आले आहे. नामनिर्देशन भरावेच, परंतु त्यासोबत मृत्युपत्रही करून ठेवणे श्रेयस्कर.

जमीन कोणाच्या नावे ?

इमारतीत वर्षानुवर्षे राहूनही तिच्याखालील जमीन विकासकाच्या अथवा मूळ मालकाच्याच नावे राहिली आहे, अशी स्थिती पुष्कळ संस्थांची आहे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यानुसार संस्था स्थापन झाल्यावर विकासकाने चार महिन्यांत जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण करून देणे आवश्यक आहे. ते न झाल्यास संस्थेने हताश होऊन बसू नये, यासाठी २००८ मध्ये कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करण्यात आली. जिल्हा उपनिबंधक हे त्यासाठी सक्षम प्राधिकारी असून त्यांच्याकडे रीतसर अर्ज करता येतो.

याचे महत्त्व पुनर्विकासाच्या वेळी कळून येते. जमिनीचा हक्क नावावर नसेल तर जीर्ण इमारतीतील रहिवाशांची बाजू दुर्बळ होते. पुनर्विकासाचा निर्णय थोड्यांच्या हाती राहू नये यासाठी शासनाने कलम ७९-अ अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश दिले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. सुधारित निर्देशांनुसार अशा सभेस एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश उपस्थित असावे लागतात, एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक जणांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरणही करावे लागते. वीस जणांच्या गणपूर्तीची सवलत येथे नाही. कारण येथे प्रश्न वर्षाच्या हिशेबाचा नसून प्रत्येकाच्या छपराचा असतो.

नियम आणि नागरिक

गृहनिर्माण संस्था ही लोकशाहीची सर्वांत लहान आणि सर्वांत जवळची शाळा आहे. ग्रामसभेत गावाचा जो अधिकार, तोच सर्वसाधारण सभेत सभासदांचा. सूचना वेळेवर काढणे, इतिवृत्त प्रामाणिकपणे लिहिणे, खर्चाची पावती जपून ठेवणे, विरोधी मत नोंदवून घेणे या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु त्यांच्याच अभावी वर्षानुवर्षांचे शेजारी न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. कवठेकरांच्या सहकाऱ्यांजवळ परस्परांवरील विश्वास होता, कायदा नव्हता. आजच्या संस्थांजवळ कायदा आहे. वार्षिक सभेची सूचना जिन्याच्या फलकावर लागेल तेव्हा ती वाचून त्या दिवशी सभेस उपस्थित राहणे, एवढे प्रत्येक सभासदाने केले तरी या कायद्याचा बराचसा हेतू सफल होईल.